कुठल्याच कामाचा नाही : शिपाई, आजार आणि पेन्शनचा इतिहास

इंग्रजीत ‘डुलाली’ असा एक शब्द आहे. डोके फिरलेल्या माणसासाठी ब्रिटिश लोक तो आजही सहज वापरतात. हा शब्द नाशिकचा आहे, हे मात्र नाशिककरांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. ‘डुलाली’ म्हणजे आपली देवळाली. १८६० च्या दशकात ब्रिटिशांनी तिथे छावणी वसवली. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई देवळालीत आणून ठेवले जात. मायदेशी नेणारी जहाजे थंडीच्या मोसमातच सुटत. मोसम हुकला की महिनोन्महिने नुसते बसून राहायचे. हाताला काम नाही, डोक्यावर ऊन आणि सोबतीला दारू. कुणाला मलेरिया होई, कुणाला गुप्तरोग, तर कुणाचे डोके ठिकाणावर राहत नसे. अशा शिपायाला त्याचे सोबती ‘डुलाली टॅप’ झालाय असे म्हणत. यातला ‘टॅप’ म्हणजे हिंदुस्थानी ‘तप’, आपल्या मराठीतला ताप.

फ्रँक रिचर्ड्स हा साधा ब्रिटिश शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात नोकरीला होता. १९३६ साली छापलेल्या आपल्या आठवणींत त्याने देवळालीबद्दल लिहिले आहे. शब्द पुढे इतका पसरला की त्यामागचे गाव आणि आजारी माणसे दोन्ही विसरली गेली. उरली ती थट्टा.

या थट्टेखाली एक जुना प्रश्न आहे. फौजेच्या नोकरीत माणूस आजारी पडला, जायबंदी झाला, कामाला निकामी झाला, तर तो आजार कुणाचा? सरकारचा की त्याचा स्वतःचा? या एका प्रश्नाच्या उत्तरावर हजारो घरांची चूल अवलंबून राहिली आहे. त्यात मराठी मुसलमानांचीही घरे आहेत. फौजेत आपला वाटा किती, यावर आपल्याकडे वाद पुष्कळ होतात. पण फौजेतून परत आलेल्या, निकामी ठरवल्या गेलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे फारसे कुणी विचारत नाही. आज त्याविषयी लिहितो आहे.

बालपरवेशी आणि क्लाइव्हचा फंड

पेशवाईच्या कागदपत्रांत ‘बालपरवेशी’ हा शब्द भेटतो. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पोटापाण्यासाठी सरकारातून जी नेमणूक किंवा जमीन दिली जाई, ती बालपरवेशी. फारसीतल्या ‘परवरिश’चे हे मराठी रूप. मराठ्यांच्या फौजेत मुसलमान शिलेदार, गारदी, गोलंदाज सगळे होते, आणि कारभाराच्या भाषेत फारसी मुरलेली होती. सरकारच्या कामी माणूस गेला तर घर सरकारने पाहायचे, ही कल्पना या शब्दात आहे. ती सर्वांना सारखी लागू होई असे नाही. वशिला, धन्याची मर्जी आणि हुद्दा यांवर बरेच ठरत असे. तरी निदान भाषेत जबाबदारीची कबुली होती.

कंपनीच्या राज्यात हा व्यवहार हिशेबाच्या वहीत गेला. इथे एक विलक्षण गोष्ट सांगण्यासारखी आहे. बंगालचा नवाब मीर जाफर याने मरताना रॉबर्ट क्लाइव्हला पाच लाख रुपये ठेवले. क्लाइव्हने ते स्वतः न घेता १७७० साली त्यातून एक फंड उभा केला. कंपनीच्या फौजेतल्या अपंग आणि निकामी झालेल्या शिपायांना व अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या विधवांना त्यातून पेन्शन मिळू लागली. पण हे लाभार्थी युरोपियन होते. म्हणजे पैसा मुर्शिदाबादच्या नवाबाचा, पेन्शन गोऱ्या शिपायाची, आणि प्लासीला त्याच्या शेजारी उभा असलेला देशी शिपाई या फंडाच्या बाहेर. गोष्ट इथेच संपत नाही. १८५७ नंतर कंपनीची फौज राहिली नाही, तेव्हा फंडाचे भांडवल परत मागण्यासाठी क्लाइव्हच्या वारसांनी दावा केला. १८६३ साली ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहाने निकाल त्यांच्या बाजूने दिला.

देशी शिपायासाठी कंपनीने वेगळ्या सोयी केल्या होत्या. बंगाल फौजेतल्या निकामी शिपायांना गंगेकाठच्या पडीक जमिनी देऊन वसवले जाई. आपल्याकडे कोकणात दापोलीला लष्करी ठाणे होते. पुढे तिथे वयस्क आणि थकलेल्या शिपायांची ‘व्हेटरन बटालियन’ ठेवली गेली. दापोलीला लोक आजही ‘कॅम्प दापोली’ म्हणतात ते त्या काळामुळे. पेन्शनर शिपायांचे ते गाव झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले. दरमहा हाती येणाऱ्या पेन्शनने त्या काळी एखाद्या महार किंवा मुसलमान घराला गावच्या सावकारापुढे थोडी तरी मान वर करता येत असे. पेन्शनचा हा अर्थ वेतन आयोगाच्या आकड्यांत सापडत नाही.

कूतचा वेढा आणि दख्खनी मुसलमान

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. सुमारे ७४,००० परत आली नाहीत. जी परतली, त्यांतल्या कितीतरी जणांचे हात-पाय, डोळे किंवा मन मागेच राहिले होते.

आपल्या भागाचा संबंध येतो तो मेसोपोटेमियाशी, म्हणजे आजच्या इराकशी. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन तिथे लढत होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. नाव मराठा असले तरी त्या काळच्या या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत. फौजेच्या भरतीच्या नोंदींत ‘दख्खनी मुसलमान’ हा स्वतंत्र वर्गच होता. नगर, पुणे, सातारा, सोलापूर या पट्ट्यातली ही माणसे. घरात दख्खनी बोलणारी, बाजारात मराठी बोलणारी.

डिसेंबर १९१५ मध्ये ही फौज कूत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. १४७ दिवस वेढा चालला. रसद संपली. शेवटी घोडे कापून खाण्याची वेळ आली. अनेक हिंदी शिपायांनी धर्म आणि रिवाजामुळे ते मांस बराच काळ नाकारले, आणि ताज्या अन्नावाचून स्कर्व्हीने हिरड्या व सांधे सडू लागले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. पुढे वाळवंटातली पायपीट आणि कैदेतली मजुरी. हजारो तिथेच संपले.

दख्खनी मुसलमान शिपायाची अवस्था यात दुहेरी होती. समोरची फौज खलिफाची, आपल्या अंगावर वर्दी बादशहाची, आणि पोटात अन्न नाही. त्याने काय विचार केला असेल, हे लिहून ठेवणारा त्याच्या बाजूला कुणी नव्हता. आपल्या समाजात खिलाफत चळवळीचा इतिहास मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. त्याच खलिफाच्या फौजेपुढे कूतच्या खंदकात उपाशी बसलेल्या आपल्याच माणसांची आठवण त्या इतिहासात येत नाही. इकडे मराठा पलटणींच्या पराक्रमाच्या कथांतूनही ‘दख्खनी मुसलमान’ हे दोन शब्द हळूहळू गळाले. तो दोन्हीकडून विसरला गेला.

जखमींनी भरलेली जहाजे मुंबईला लागत. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची नवी इमारत त्या काळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली. हात-पाय गमावलेल्या या शिपायांचे करायचे काय, हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला. १९१७ साली गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत अपंग शिपायांना हस्तोद्योग शिकवणारी शाळा निघाली, क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल. पुढे ती खडकीला गेली आणि शंभर वर्षे उलटून गेली तरी चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्याला कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. १९७४ साली खडकीलाच कमरेखाली लुळ्या पडलेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र निघाले. निकामी सैनिकाला पुन्हा उभे करण्याच्या देशातल्या महत्त्वाच्या संस्था अशा पुण्याच्या परिसरात वाढल्या.

सिद्ध कुणी करायचे?

पाय तुटला तर वाद नसतो. गोळी दिसते, जखम दिसते. वाद होतो तो आजाराचा. फेफरे, रक्तदाब, हृदयविकार, ऐकू न येणे, मन बिघडणे. हे नोकरीमुळे झाले की होणारच होते?

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हा बोजा बहुतांशी शिपायावर होता. आजार नोकरीमुळे झाला हे त्याने दाखवायचे. दुसरे महायुद्ध चालू असतानाच तिथे यावर मोठा असंतोष माजला आणि १९४३ साली धोरण बदलले. भरतीच्या वेळी माणूस तंदुरुस्त म्हणून घेतला, आणि बाहेर पडताना तो आजारी आहे, तर आजार नोकरीचा नाही हे सरकारने सिद्ध करावे, शंकेचा फायदा शिपायाला मिळावा, असे ठरले. अपिलांसाठी न्यायाधिकरणे निघाली. पुढे कायद्याच्या जगात गाजलेले लॉर्ड डेनिंग तेव्हा अशाच पेन्शन अपिलांचे न्यायाधीश होते. वाजवी शंकेपलीकडचा पुरावा म्हणजे काय, याची कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवली जाणारी व्याख्या त्यांनी १९४७ साली केली, ती एका लष्करी अधिकाऱ्याच्या विधवेच्या पेन्शन खटल्यात.

स्वतंत्र भारताच्या नियमांत हे तत्त्व आले आहे. १९६१ च्या लष्करी पेन्शन विनियमांनुसार अपंगत्वाच्या पेन्शनसाठी दोन अटी. आजार किंवा इजा नोकरीमुळे झालेली असावी किंवा नोकरीमुळे बळावलेली असावी, आणि अपंगत्व किमान २० टक्के असावे. १९८२ च्या नियमावलीतल्या पाचव्या नियमाने भरतीच्या वेळी नोंद नसेल तर माणूस तंदुरुस्त होता असे धरून चालायला सांगितले. नवव्या नियमाने तर स्पष्टच म्हटले की पुराव्याचा बोजा दावा करणाऱ्यावर नाही.

कागदावर इतके स्वच्छ असताना प्रत्यक्षात काय होत असे? फौजेत माणसाची तब्येत ‘शेप’ या पद्धतीने मोजतात. मन, कान, हातपाय, शरीर आणि डोळे अशा पाच बाबी, आणि प्रत्येकीला एक ते पाच असा दर्जा. एक म्हणजे उत्तम. पाच म्हणजे फौजेसाठी कायमचा अयोग्य. मग मेडिकल बोर्ड बसते आणि माणूस ‘बोर्ड आउट’ होतो. बोर्डाच्या कागदावर आजारासमोर अनेकदा चार इंग्रजी अक्षरे पडत, ‘एन-ए-एन-ए’. अर्थ असा की आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि बळावलेलाही नाही. कारण बहुधा एकाच शब्दात, ‘कॉन्स्टिट्यूशनल’, म्हणजे प्रकृतीतच असलेला. फौजी लोक त्या अक्षरांना सरळ ‘नाना’ म्हणतात. एका ‘नाना’ने पेन्शन जाते.

आमच्या मोहल्ल्यातले चाचा

वडाळा भागात माझ्या परिचयाचे एक चाचा होते. तरुणपणी भरती झाले, नऊ वर्षे नोकरी केली. उंच डोंगराळ भागात तैनात असताना पहिल्यांदा झटका आला. मग पुन्हा. इस्पितळ, बोर्ड, आणि १९९० च्या सुमारास घरी. कागदावर ‘नाना’. तेव्हाच्या नियमाने दहा वर्षे नोकरी झालेली नसेल तर इनव्हॅलिड पेन्शनही नाही. एकरकमी ग्रॅच्युइटी हातात आणि विषय संपला. चाचा मला एकदा म्हणाले होते, “भरती के टाइम बोले, बिल्कुल फिट है. निकाला तो बोले, बीमारी तेरी अपनी है, घर से लाया.”

नाशिकमध्ये माजी सैनिकाला नोकरी मिळणे तसे अवघड नसते. सातपूर, अंबडच्या कारखान्यांत, बँकांत सुरक्षारक्षक लागतात. पण झटके येणाऱ्या माणसाच्या हाती बंदूक कोण देणार? गाडी चालवता येत नाही, मशीनवर उभे करता येत नाही. चाचींनी शिवणकाम केले आणि घर चालवले. पैशापेक्षा चाचांना दुसरी गोष्ट लागत असे. मोहल्ल्यात आणि मोहल्ल्याबाहेरही लोक विचारायचे, फौजेतून काढले का? काय केले होते? बोर्ड आउट होणे ही शिक्षा नाही, हे बहुतेकांना माहीत नसते. आणि माणूस मुसलमान असला की ‘का काढले’ या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न उभा असतो. तो कुणी तोंडाने विचारत नाही, पण ऐकणाऱ्याला ऐकू येतो. डिस्चार्ज बुकातला ‘वर्तणूक’ हा रकाना चाचांनी कितीजणांना उघडून दाखवला असेल, याची गणती नाही.

त्यांच्या मुलाने २०१७ च्या सुमारास माहिती अधिकारात बोर्डाची कागदपत्रे मागवली. परराज्यातल्या एका कार्यालयातून उत्तर आले की ठराविक मुदत उलटल्याने कागदपत्रे नष्ट केली आहेत. नियम असाच आहे. पेन्शन नसलेल्या सैनिकाची कागदपत्रे साधारण २५ वर्षे ठेवतात. ज्याला पेन्शन मिळाली त्याची फाइल जिवंत राहते. ज्याला नाकारली, नेमकी त्याचीच फाइल नष्ट होते, आणि नकार चुकीचा होता हे दाखवायला त्याच फाइलची गरज असते.

न्यायालये काय म्हणाली

या प्रश्नावर गेल्या तीन दशकांत सर्वोच्च न्यायालयाने जे निकाल दिले, ते आपल्या घराघरांत माहीत असायला हवेत.

पहिला माजी सॅपर मोहिंदर सिंग यांचा, जानेवारी १९९३ चा. त्या काळी डॉक्टरांच्या बोर्डाने ठरवलेले अपंगत्व अलाहाबादच्या पेन्शन लेखा कार्यालयात कमी केले जाई. न्यायालयाने सांगितले की माणसाला पुन्हा तपासल्याशिवाय बोर्डाचे मत असे बाजूला सारता येणार नाही.

दुसरा धरमवीर सिंग यांचा, जुलै २०१३ चा. हे सिग्नल्समधले शिपाई. १९८५ साली भरती, १९९४ साली फेफऱ्याच्या आजारामुळे बोर्ड आउट, अपंगत्व २० टक्के, पेन्शन नाकारलेली. न्यायालयाने १९८२ चे नियम एकेक करून वाचले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नाही, मग तो तेव्हा का सापडला नाही याचे वैद्यकीय कारण बोर्डाने लिहिले पाहिजे. नुसते ‘प्रकृतीतच होता’ असे लिहून चालणार नाही. पेन्शन मंजूर झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये राजबीर सिंग आणि इतरांच्या खटल्यात हेच तत्त्व पुन्हा सांगितले गेले. त्यात मनाच्या आजारांची प्रकरणेही होती. देवळालीच्या नावाने ज्या आजाराची थट्टा झाली, तो आजार इतक्या वर्षांनी न्यायालयाच्या निकालात नोकरीचा आजार म्हणून धरला गेला.

तिसरी गोष्ट टक्केवारीची. १ जानेवारी १९९६ पासून बोर्ड आउट झालेल्यांचे अपंगत्व गोलाकार धरतात. ५० पेक्षा कमी असेल तर ५०, त्यावर ७५ पर्यंत असेल तर ७५, आणि त्याहून अधिक असेल तर १००. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा लाभ पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्या अपंग सैनिकांनाही दिला. त्याच वर्षी सुखविंदर सिंग यांच्या निकालात म्हटले गेले की ज्या अपंगत्वामुळे माणसाला फौजेतूनच घालवले, ते २० टक्क्यांहून कमी असे मानताच येणार नाही.

२००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आले आणि २००९ पासून ते काम करू लागले. महाराष्ट्रातल्या सैनिकांसाठी त्याचे खंडपीठ मुंबईला आहे. त्याआधी जवानाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागे, आणि ती चढणारे थोडेच.

काम करू शकत नाही, हे दाखवायचे कसे

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अपंगत्वाची टक्केवारी शरीर मोजते. पण एखाद्या माणसाचे अपंगत्व २० टक्के असेल आणि तरीही त्याला कुठेच काम मिळत नसेल, तर? चाचांसारखे झटके येणारे, किंवा ज्यांचे मन बिघडले आहे, ते याच फटीत सापडतात.

अमेरिकेत यासाठी वेगळी तरतूद आहे. एकाच आजाराचे अपंगत्व ६० टक्के असेल, किंवा अनेक आजारांचे मिळून ७० टक्के आणि त्यांतल्या एकाचे किमान ४० टक्के असेल, आणि त्यामुळे माजी सैनिक पोट भरण्याइतकी नोकरी करू शकत नसेल, तर त्याला १०० टक्के दराने पैसे मिळू शकतात. तिथे शरीराबरोबर कमावण्याची ताकदही मोजली जाते.

आपल्याकडे ही भाषा वेगळ्या वाटेने आली. जुलै २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने दहा वर्षांपेक्षा कमी नोकरी असलेल्यांनाही इनव्हॅलिड पेन्शन देण्याचा निर्णय घेतला. चाचांसारख्यांना ज्या नियमाने रिकाम्या हाती पाठवले होते, तो नियम बदलला. पण दोन अटी घातल्या. एक, ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर नोकरीत असलेल्यांनाच हा लाभ. दुसरी अट जास्त विचार करायला लावणारी. माणूस फौजेच्या कामाला तर कायमचा निकामी असावाच, शिवाय मुलकी नोकरीलाही निकामी असावा. म्हणजे पेन्शन हवी असेल तर मी कुठल्याच कामाचा नाही, हे माणसाने कागदावर आणायचे. तारखेच्या भिंतीबद्दल पुढे न्यायाधिकरणांत प्रश्न उठले. दुसऱ्या अटीबद्दल आपण समाज म्हणूनही बोलायला हवे.

कारण सरकार एका हाताने हे लिहून मागते आणि दुसऱ्या हाताने माजी सैनिकाला काम द्या असे सांगते. महाराष्ट्रात सरकारी भरतीत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. १९९५ च्या अपंग कायद्याच्या कलम ४७ ने नोकरीत असताना अपंग झालेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, दुसरे काम द्यावे लागेल, असे म्हटले. पण २००२ साली अधिसूचना काढून फौजेतल्या लढाऊ सैनिकांना या संरक्षणातून वगळले गेले. कारकुनाचा पाय गेला तर त्याची खुर्ची शाबूत. सैनिकाचा गेला तर बोर्ड. लढाऊ फौजेची गरज समजण्यासारखी आहे. मात्र ही सूट घेतल्यावर त्याची भरपाई पेन्शनमधून प्रामाणिकपणे व्हावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

निकामी ठरवलेला माणूस खरोखर निकामी असतो का? सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण आता चित्रपटामुळे सर्वांना माहीत झाले आहे. ईएमईमधला हा मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करत भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक आणले. पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरी केली. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, पदकानंतर ४६ वर्षांनी. पेटकरांची गोष्ट सांगताना एक धोका असतो. ते करू शकले, मग तुम्ही का नाही, असे प्रत्येक जायबंदी सैनिकाला ऐकवले जाते. पेटकरांना इस्पितळ मिळाले, पोहणे शिकायला मिळाले, कारखान्यात नोकरी मिळाली. ज्याला यांतले काहीच मिळाले नाही, त्याला जिद्दीची उदाहरणे देऊन उपयोग नाही.

संशय कुणावर, फटका कुणाला

अलीकडे वारा उलटा वाहतो आहे. कॅगच्या अहवालात निवृत्त होताना अपंगत्वाचा लाभ घेणाऱ्या अधिकाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा बरेच जास्त असल्याचे दिसले. त्यावरून अपंगत्वाच्या पेन्शनचा गैरवापर होतो अशी चर्चा सुरू झाली. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले. पूर्ण नोकरी करून बाहेर पडणाऱ्यांसाठी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असा नवा शब्द आला. माजी सैनिकांच्या संघटनांनी या नियमांवर आक्षेप घेतले आहेत. खोटे दावे होत असतील तर ते रोखलेच पाहिजेत. पण मोठ्या हुद्द्यांवरच्या काहींबद्दल निर्माण झालेला संशय शेवटी तोफेपाशी उभ्या असलेल्या जवानाच्या बोर्डात जाऊन बसतो. नाशिकला हे कळायला हवे, कारण तोफखान्याचे केंद्र इथे नाशिकरोडला आणि तोफखान्याची शाळा देवळालीत आहे. ‘तोपची’च्या प्रात्यक्षिकात तोफांचा आवाज ऐकून आपण टाळ्या वाजवतो. तो आवाज वर्षानुवर्षे कानाशी झेलणाऱ्याला पुढे ऐकू येईनासे झाले, तर तो दोष त्याच्या प्रकृतीचा कसा?

शेवटी काही कामाच्या गोष्टी. तुमच्या घरात, नात्यात, मोहल्ल्यात बोर्ड आउट होऊन आलेला कुणी असेल, तर त्याचे डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचे कागद आणि पेन्शन नाकारल्याचे पत्र आजच शोधून त्यांच्या प्रती काढून ठेवा. २५ वर्षे व्हायची असतील तर रेकॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज करून बोर्डाची कागदपत्रे मागवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा. जुना नकार म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, वरचे निकाल त्यानंतर आले आहेत. सैनिक हयात नसेल तर त्याच्या पत्नीच्या हक्काचीही चौकशी करा. मशिदीतल्या किंवा मोहल्ल्याच्या कमिटीत रेशन कार्ड, शिष्यवृत्ती यांचे अर्ज भरून देणारे तरुण असतात. त्यांतल्या एकाने हे नियम समजून घेतले तरी दोन-चार घरांचे भले होईल.

आणि घरात फौजेत गेलेले जुने कुणी असेल, पणजोबा असोत की चुलत आजोबा, तर त्यांची पलटण, सालवार नोकरी आणि परत आल्यावर त्यांचे काय झाले, हे वहीत लिहून ठेवा. कूतच्या खंदकातल्या दख्खनी मुसलमानांचे कुणी लिहिले नाही. वडाळ्यातल्या चाचांची सरकारी फाइल आता राहिलेली नाही. त्यांच्या घरात डिस्चार्ज बुक मात्र अजून जपून ठेवले आहे. वर्तणुकीच्या रकान्यात लिहिले आहे, ‘उत्तम’.